रंगवलेल्या भिंतीवर विनाइल अक्षरं: कधी चिकटत नाहीत, कधी रंगच सोबत घेऊन येतात

खडूफळा:
अभ्यासिकेच्या एका भिंतीवर "बोलणं बाहेर, वाचन आत" एवढी एकच ओळ विनाइलमध्ये, म्हणजे मागे गोंद असलेल्या पातळ प्लास्टिक फिल्ममधून कापून, लावायची आहे. भिंत १४ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. वीटकाम, सिमेंटचं प्लास्टर, पुट्टीचे दोन हात, प्रायमर आणि वर फिकट पिस्ता प्लास्टिक पेंटचे दोन हात. शेवटचा हात मारून ११ दिवस झालेत. अक्षरं गडद निळी हवीत आणि दारातून, म्हणजे साधारण २० फुटांवरून, वाचता आली पाहिजेत. दोन-तीन वर्षांनी मजकूर बदलेल, तेव्हा भिंत पुन्हा रंगवायची वेळ येऊ नये.

रेडियमवाला उद्याच लावून देतो म्हणतोय. याच इमारतीच्या आतल्या व्हरांड्यात जुनी अक्षरं आहेत. त्यातली निम्मी कडांनी उठलीत, आणि एक घट्ट बसलेलं ओढलं तर मागे रंगाचा पापुद्रा आला. एकाच भिंतीवर या दोन उलट गोष्टी कशा?

पुट्टीबहाद्दर:
उद्या लावू नका. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पहिल्याचं त्यातच आहे.

भिंतीत तीन सांधे असतात: विनाइल आणि रंग, रंग आणि पुट्टी, पुट्टी आणि प्लास्टर. ताण आला की तिघांतला सगळ्यात कच्चा सुटतो. कड उठली तिथे पहिला सांधा कच्चा. पापुद्रा आला तिथे विनाइलने आपलं काम चोख केलं, पण खालचा सांधा कच्चा निघाला. त्यामुळे "चांगला गोंद असलेलं विनाइल द्या" हा उपाय अर्ध्या भिंतींवर उलटा पडतो.

तो पापुद्रा टाकला नसेल तर पालथा करून बघा. मागे नुसता रंग आणि मूठभर पांढरी भुकटी असेल, तर पुट्टी पॉलिश पेपरने घासल्यावर धूळ न झटकता प्रायमर मारलाय. पुट्टीचा अख्खा थर आला आणि त्याला वाळूचे कण चिकटले असतील, तर सिमेंटची पुट्टी कोरड्या प्लास्टरवर ओढलीय. भिंत आधी पाण्याने भिजवली नाही की प्लास्टर पुट्टीतलं पाणी शोषून घेतं आणि पुट्टी जमायच्या आतच सुकते. हे दोष नव्या भिंतीतही असू शकतात, रंगारी तोच असेल तर नक्कीच शंका घ्या.

आता ११ दिवसांचं. प्लास्टिक पेंट हाताला तासाभरात सुका लागतो, पण पाणी उडून गेल्यावरही रंगाचे कण एकजीव व्हावेत म्हणून घातलेलं मंद द्रावक त्यात शिल्लक असतं. ते बाहेर पडायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी विनाइल बसवलं की ते रंग आणि विनाइल यांच्यामध्ये कोंडतं आणि गोंद मऊ पडतो. मग फुगे येतात, कडा सुटतात. किमान ३० दिवस थांबा, पावसाळी हवेत ४५ धरा. खिडक्या उघड्या, पंखा चालू.

कातरकाम:
३० दिवसांना +१. घाईच असेल तर उद्घाटनापुरतं सनबोर्डवर (फोमच्या हलक्या फलकावर) लावून घ्या, भिंतीवर नको.

चिक्कटराव:
३० दिवस झाले म्हणजे भिंत तयार झाली असं नाही, तपासायला लागतेच. चार गोष्टी, याच क्रमाने:

काळं सुती कापड भिंतीवर दाबून फिरवा. पांढरं उमटलं तर पावडर सुटतेय. साध्या डिस्टेंपरवर आणि चुन्यावर हे हमखास होतं, कारण त्यात बांधून ठेवणारं रेझिन कमी आणि खडूसारखी पूड जास्त असते. अशा भिंतीवर विनाइल त्या पुडीला चिकटतं, भिंतीला नाही.

मग पाण्याचा एक थेंब. लगेच शोषला गेला तर पृष्ठभाग सच्छिद्र आहे. मणी होऊन घरंगळला तर उलटी अडचण: डब्यावर "डाग-रोधक", "धुता येणारा", "टेफ्लॉन" असं काही असेल तर तो रंग चहाचे डाग जसे धरत नाही तसा गोंदही धरत नाही.

ओल बघायला दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने हवाबंद करून २४ तास ठेवा. आतून दव जमलं किंवा भिंत गडद दिसली तर ओल आहे. लोणा (क्षार) फुललेल्या भिंतीबद्दल तर बोलायलाच नको.

शेवटची आणि खरी परीक्षा म्हणजे जे विनाइल लावणार त्याच्याच पट्ट्या. २ इंच रुंद, ६ इंच लांब अशा तीन, एक मध्यभागी, एक खिडकीजवळ, एक खाली. पहिली २४ तासांनी काढा, दुसरी आठवड्याने, तिसरी शेवटपर्यंत राहू दे. काढताना हाताला सतत, सारखा विरोध जाणवला आणि गोंदाची बाजू स्वच्छ निघाली तर भिंत पास. अलगद सुटली तर रंग गोंद धरत नाही. गोंद पांढरट झाला तर पूड. रंगाचा पापुद्रा उडाला तर पुट्टीबहाद्दर म्हणतात ते खालचे सांधे कच्चे.

खडूफळा:
कळलं. पट्ट्या कोणत्या विनाइलच्या लावायच्या? रेडियमवाल्याकडे जे आहे ते चकचकीत, गाडीच्या नंबरप्लेटला लावतात तसलं.

चिक्कटराव:
तेच तर व्हरांड्यातल्या अक्षरांचं मूळ असणार. रेडियमच्या दुकानातला बहुतेक माल हा गाड्या, काच, ॲक्रिलिक यांच्यासाठीचा, कायम चिकटणाऱ्या गोंदाचा असतो. भिंतीसाठी मॅट आणि "काढता येणारा" गोंद असलेलं मागा. ओराकल या विनाइलच्या ब्रँडमध्ये सांगायचं तर ६५१ क्रमांकाचं नाही, ६३१. ६५१ साधारण ६३ मायक्रॉन जाड, गोंद कायमचा. ६३१ मॅट, ८० मायक्रॉन, गोंद पाण्यावर आधारित आणि काढता येणारा. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तरी हे दोन गुण विचारा: मॅट का, आणि गोंद कुठला. मॅट एवढ्यासाठी की ट्यूबलाइट चकचकीत अक्षरांवर पडली की निम्मी ओळ वाचता येत नाही. शिवाय चकाकी पुट्टीचा प्रत्येक उंचसखलपणा दाखवते.

एक गैरसमज: "काढता येणारं" म्हणजे कितीही वर्षांनी अलगद निघेल असं नव्हे. गोंद काळाबरोबर भिंतीत मुरतो. दोन-तीन वर्षांचा बेत ठीक आहे, सहा-सात वर्षं ठेवून मग तक्रार नको.

रिकामा_प्लॉटर:
भिंत पास झाली नाही तर त्या जागी पारदर्शक ॲक्रिलिक वॉर्निशचा एक हात मारून बघा. पूड बांधली जाते आणि विनाइल छान बसतं.

पुट्टीबहाद्दर:
असहमत. मॅट भिंतीवर वॉर्निशचा चौकोन तिरप्या उजेडात चकाकतो आणि अक्षरांभोवती पाटी असल्यासारखा दिसतो. शिवाय डिस्टेंपरवर तो वरच्या पुडीलाच बांधतो, खालचा थर तसाच राहतो. तुम्ही फक्त कच्चा सांधा एक पायरी खाली सरकवलात. भिंत नापास झाली तर सरळ मार्ग असा: पॉलिश पेपर, धूळ पुसणं, प्रायमर, मग साटिन किंवा हलक्या चमकेच्या प्लास्टिक पेंटचे दोन हात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत. आणि पुन्हा ३० दिवस.

रिकामा_प्लॉटर:
अख्ख्या भिंतीला मारला तर पाटी दिसणार नाही की. पण डिस्टेंपरबद्दल मान्य.

डिस्टेंपरवर तिसरा पर्याय आहे: विनाइलचा साचा कापून रंगाने अक्षरं काढायची. पावडर झटकून साचा दाबून बसवा, मग आधी भिंतीचाच रंग साच्याच्या कडांवर पातळ मारा. कडेखाली जे झिरपायचं ते भिंतीच्याच रंगाचं झिरपतं आणि वाट बंद होते. नंतर निळा, स्पंजच्या रोलरने, दोन पातळ हात. दुसरा हात ओला असतानाच साचा काढा. सुकू दिलात तर रंगाचा पापुद्रा साच्याबरोबर फाटत येतो. फक्त साचा करताना ब, ण, व, च यांची पोटं सुटी राहतात, ती ट्रान्सफर टेपवर (कापलेले तुकडे उचलून भिंतीवर नेणाऱ्या चिकट टेपवर) जागच्या जागी आणायला लागतात.

कातरकाम:
आता फाइलकडे. देवनागरीत इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो.

फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर रेघ सलग दिसते, पण प्लॉटर (विनाइल कापणारं यंत्र) प्रत्येक आकाराची कड कापतो. नतीजा: शिरोरेषेवर दर अक्षरापाशी उभे काप, आणि लावताना शब्द तुकड्यांत सुटतो. कोरल या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू करून मजकुराचे वक्र आकार करा, मग वेल्ड, म्हणजे चढलेले आकार एकजीव करा. इंकस्केपमध्ये मजकुराचं पाथमध्ये रूपांतर, अनग्रुप, मग युनियन. नंतर वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडांच्या रेघा दिसतात त्या दृश्यात) बघा, "बाहेर" या शब्दाच्या आत एकही आडवी-उभी फालतू रेघ दिसता कामा नये. कोरलमध्ये वेल्डच्या आधी "ब्रेक अपार्ट" करू नका, ब ची पोटं सुटे आकार होतात आणि वेल्डमध्ये भरून जातात.

वेल्ड नीट झालं तर या ओळीचे एकूण सहाच तुकडे व्हायला हवेत: चार शब्द, "णं" वरचा अनुस्वार आणि स्वल्पविराम. मात्रा आणि काना शिरोरेषेला जोडलेलेच असतात. रोमन लिपीत हेच वीस-बावीस सुटी अक्षरं झाली असती. लावायला देवनागरी सोपी आहे, पण एक अट: शिरोरेषा इतकी लांब सरळ रेघ आहे की दोन मिलिमीटरची तिरकसही लपत नाही.

फॉन्ट जाड घ्या. एक टाइपचे मुक्त किंवा बालू दोन्ही मोफत आहेत, मुक्तची ठळक वजनं चालतील. सगळ्यात बारीक रेघ ५ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका, काढता येणाऱ्या गोंदाला धरायला जागा लागते. टोकदार कोपऱ्यांना एक मिमीची गोलाई द्या, अणकुचीदार टोक सगळ्यात आधी उठतं. आणि हो, ओळीत ल आहे. तो हिंदी वळणाचा येत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी ल, श दिलेले असतील तर आपोआप बदलतात.

रेडियमवाल्याला युनिकोड मजकूर पाठवू नका. त्याच्याकडे जुना कोरल आणि श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट असले की अक्षरांची कढी होते. वक्र केलेली पीडीएफच द्या आणि "आकार बदलू नका" असं लिहून द्या.

खडूफळा:
माप किती ठेवू? आणि माल किती लागेल?

पाणसळ:
ढोबळ नियम असा की दर १० फुटांमागे एक इंच उंची. २० फुटांना २ इंच पुरतात, पण १४ फुटी भिंतीवर ती मुंगीएवढी दिसतील. देवनागरीत उंची मोजताना शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतची धरा, मात्रांसकट नाही. ही ६ इंच धरली तर जाड फॉन्टमध्ये पूर्ण ओळ साधारण ९० इंच होईल, म्हणजे दोन्ही बाजूंना ३९-३९ इंच मोकळी भिंत. चांगलं दिसेल. मात्रा, अनुस्वार धरून पट्टी १० इंच उंच.

२४ इंची रोलवर ही ओळ एका रांगेत कापली तर जवळजवळ ८ फूट रोल जातो आणि निम्मी रुंदी फुकट. "बोलणं बाहेर," वर आणि "वाचन आत" खाली अशी मांडून कापली तर दोन रांगांचे २० इंच, लांबी ४ फुटांच्या आसपास. ५ फूट रोल घ्या, त्यात परीक्षेच्या पट्ट्याही निघतात. घरच्या १२ इंची क्रिकटवर (छोट्या कापायच्या यंत्रावर) करत असाल तर एका वेळी एक शब्द कापा, कापायच्या चटईवर "बोलणं" आडवा बसतो का ते आधी मोजा.

कातरकाम:
कापण्याचं एक वाक्यात: ४५ अंशाचं पातं, ऑफसेट (पात्याचं टोक मध्यापासून किती बाजूला ते) ०.२५ मिमी, दाब ८० ग्रॅमपासून सुरू करून वाढवत न्या. आधी वर्तुळात चौकोन असा नमुना कापा. चौकोन सोलला, वर्तुळ जागेवर राहिलं आणि मागच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला तर दाब बरोबर. कागद कापला गेला असेल तर पुढे टेपवर घेताना कागदाचे कपटे अक्षरांबरोबर येतात.

पाणसळ:
लावण्याची पद्धत. दोन माणसं हवीत.

भिंत कोरड्या मायक्रोफायबरने, मग किंचित ओलसर कापडाने पुसा आणि तीन-चार तास सुकू द्या. काच पुसायचा फवारा, साबण, फिनेल काही नको, त्यांचा थर मागे राहतो. साबणपाण्याची ओली पद्धत काचेसाठी. रंगवलेल्या भिंतीत ते पाणी शिरतं आणि काढता येणारा गोंद त्यावर बसतच नाही. इथे सगळं कोरडं.

ट्रान्सफर टेप कागदी, मध्यम किंवा कमी चिकट. पारदर्शक जास्त चिकट टेप भिंतीवरून अक्षरं परत ओढून आणते. टेप लावून टेबलावर पुढून घासा, मग पालथं करून कागदाच्या बाजूनेही घासा. ही दुसरी पायरी लोक गाळतात आणि मग अनुस्वार कागदावरच राहतो.

शिरोरेषेची उंची जमिनीपासून साडेसहा फूट. खुणा पेन्सिलीने भिंतीवर नाही, निळ्या मास्किंग टेपच्या तुकड्यांवर. लेझर असेल तर उत्तम, नसेल तर पाण्याची लेव्हल पाइप. खुणा झाल्यावर दारात उभं राहून बघा. पाणसळ खरं सांगते, पण डोळा जवळच्या मोठ्या रेघेशी तुलना करतो. छताची पट्टी किंवा खिडकीचा लिंटेल दीड फुटाच्या आत असेल आणि तो तिरका असेल, तर त्याला समांतर जा. लांब असेल तर पाणसळीचं ऐका.

शब्दाला शब्द. "बोलणं" कागदासकट वरून दोन छोट्या टेपांनी टांगा. जागा पक्की झाली की मधोमध वरपासून खालपर्यंत मास्किंग टेपची उभी पट्टी, हीच बिजागरी. एक बाजू उचला, मागचा कागद मध्यापर्यंत सोला. विनाइल खाली धरून कागद ओढा, विनाइल कागदावरून उपसू नका. सोललेला कागद भिंतीपासून लांब धरून कात्रीने कापा. अक्षरांची बाजू ताणलेली ठेवून फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (दाबायच्या पट्टीने) मध्यापासून बाहेर, तिरप्या, एकमेकांवर चढणाऱ्या फटक्यांनी दाबा. बिजागरी काढा, दुसरी बाजू तशीच.

पाच मिनिटं थांबा. ट्रान्सफर टेप वरच्या कोपऱ्यातून, भिंतीला लगटून, स्वतःवरच दुमडत काढा. सरळ पुढे ओढलीत तर अक्षरंही येतात, नशीब वाईट असेल तर रंगही. एखादी कड वर येताना दिसली की टेप परत खाली, पुन्हा घासा, आणखी सपाट कोनात काढा. शेवटी सोललेला गुळगुळीत कागद अक्षरांवर ठेवून त्यावरून प्रत्येक कड बोटाने दाबा. गोंदाला पूर्ण जोर यायला एक दिवस लागतो, तोवर बाकं भिंतीला टेकवू नका.

फुगा राहिला तर बारीक सुईने एक टोचा आणि बोटाने त्या दिशेने दाबा. कटरने चीर दिली तर ती नंतर उघडते.

परसातली_जांभळी:
आमच्याकडे गोव्यात जांभ्याच्या भिंतीवरचं प्लास्टर खरबरीत असतं, वरून रोलर टेक्श्चर. तिथे?

चिक्कटराव:
६३१ सारखं कॅलेंडर केलेलं (रोलरमधून दाबून बनवलेलं) विनाइल तिथे खड्ड्यांवर पूल बांधल्यासारखं बसतं. गरम करून खड्ड्यात दाबलं तरी थंड झाल्यावर मूळ आकाराकडे परत ताणलं जातं, कारण ते बनवतानाच रोलरमधून ताणलेलं असतं. खरबरीत भिंतीला पातळ कास्ट (न ताणता, ओतून बनवलेली) फिल्म, हीट गन आणि फोमचा रोलर लागतो. थ्रीएमची आयजे ८६२४ अशा पृष्ठभागासाठीच आहे, पण तो छापील चित्रांचा माल, चार शब्दांसाठी परवडणार नाही. ३ मिमी ॲक्रिलिकवर अक्षरं लावून ते स्टडवर भिंतीपासून अर्धा इंच पुढे बसवा. कोकणातली दमट भिंत असेल तर मागून हवा खेळते हा वरचा फायदा.

बर्फातला_वडापाव:
अमेरिकेत घरं करणाऱ्यांसाठी एक भर: ड्रायवॉलमध्ये (जिप्सम बोर्डच्या भिंतीत) पुट्टीऐवजी जिप्समवरचा कागद असतो. कायम गोंदाचं विनाइल ओढलं तर रंगाबरोबर तो कागद सोलला जातो आणि दुरुस्ती रंगापुरती राहत नाही.

रिकामा_प्लॉटर:
छापील मोठं चित्र लावणार असाल तर अजून दोन गोष्टी. सॉल्व्हंट शाईची छपाई गुंडाळी सैल करून किमान २४ तास मोकळी ठेवा, मग लॅमिनेशन. नाहीतर शाईतलं द्रावक गोंदात उतरतं आणि कडा वळतात. आणि दोन पट्ट्यांचा सांधा अर्धा इंच चढवून करा. एकावर एक ठेवून पात्याने कापायची वॉलपेपरवाल्यांची युक्ती इथे नको, पातं पुट्टीत उतरतं आणि पुढच्या वेळी पापुद्रा नेमका त्या चिरेतून सुरू होतो.

खडूफळा:
काढायचं कसं तेवढं राहिलं.

पुट्टीबहाद्दर:
केस वाळवायचा ड्रायर, हीट गन नाही. हात ठेवता येईल इतपतच कोमट, कारण जास्त उष्णतेने विनाइलबरोबर रंगही मऊ होतो. शिरोरेषेच्या टोकापासून सुरुवात करा, भिंतीला लगटून स्वतःवर दुमडत, सेकंदाला अर्ध्या इंचापेक्षा हळू. शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एका ओढीत निघतो. गोंद राहिला तर मास्किंग टेपने टिपून काढा. थिनर, रॉकेल लावलंत तर डाग कायमचा.

अक्षरं नीट निघाली तरी त्यांची सावली राहू शकते, कारण आजूबाजूचा रंग उजेडाने फिका आणि धुळीने मळलेला असतो. त्यासाठी आत्ताच अर्धा लिटर पिस्ता आणि डब्यावरचा शेड नंबर ठेवून द्या. ठिगळ मात्र मारू नका, ते वेगळं दिसतंच. तेवढी एक भिंत पूर्ण मारा.

कातरकाम:
आणि रेडियमवाल्याला सांगा, अनुस्वार आणि स्वल्पविराम चार-चार जादा काप. ५ फुटांच्या रोलमध्ये फुकट बसतात, आणि पहिल्यांदा तेच पडतात.

खडूफळा:
ठीक, सांगितलं. महिनाभराने बोलावलंय त्याला. पट्ट्या ३० व्या दिवशी लावतो, आठवड्याची निघाली की इथेच लिहितो कोणता सांधा सुटला ते.